पोकलेन आणि जेसीबीच्या मेंटेनन्सची नोंद नेमकी कशी ठेवायची?

खडीवाला_नगर
आमच्याकडे दोन जेसीबी आणि एक २० टनी पोकलेन आहे. पोकलेन निम्मा वेळ काळ्या पाषाणात ब्रेकरवर (बकेटच्या जागी लावलेला दगड फोडायचा हातोडा) चालते. नोंदी तीन ठिकाणी विखुरल्यात: ऑपरेटरची डायरी, मेकॅनिकचं व्हॉट्सअॅप आणि स्पेअरची बिलं. हायड्रॉलिक फिल्टर कधी बदलला हे बिलाच्या तारखेवरून ताडावं लागतं. वही बरी की एक्सेल? आणि लिहायचं काय काय?

वर्कशॉप_मेस्त्री
वही की एक्सेल ते नंतर बघू. आधी तारखेचा नाद सोडा आणि अवर मीटर (मशीन किती तास चालली ते दाखवणारं मीटर) धरा. मशीन पावसाळ्यात महिनाभर उभी असते आणि मार्चमध्ये दोन शिफ्ट चालते, त्यामुळे तारखेवरून झीज कळत नाही. (ज्या मशीनचे तासच भरत नाहीत, तिचं ऑइल मात्र मॅन्युअलमधल्या महिन्यांच्या मुदतीने बदला.)

प्रत्येक मशीनची वही वेगळी. पहिल्या पानावर मशीन, इंजिन आणि मेन पंप यांच्या प्लेटवरचे नंबर. मॉडेल तेच असलं तरी सील किट वेगळं निघू शकतं. पुढे दर नोंदीत तास, ऑइलचा ग्रेड, लिटर, फिल्टरचा पार्ट नंबर आणि पुढचं काम किती तासांना येणार तो आकडा. हा शेवटचा आकडा बहुतेक जण लिहीतच नाहीत, आणि पुढची सर्व्हिस तिथेच चुकते.

तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचं म्हणजे ब्रेकरचे तास वेगळ्या रकान्यात टाका. ब्रेकरच्या दणक्यांनी हायड्रॉलिक ऑइल लवकर खराब होतं आणि त्यात कचराही जास्त येतो. मॅन्युअलमध्ये त्यासाठी वेगळा तक्ता असतो. काही पोकलेनमध्ये ऑइलची मुदत बकेटच्या कामाला ५००० तास असते, ती पूर्णवेळ ब्रेकरवर ६०० च्या आसपास येते आणि फिल्टर १०० तासांवर येतो. तुमचं काम निम्मं-निम्मं आहे, म्हणजे ब्रेकरचे तास माहीत असल्याशिवाय तक्ता वापरताच येणार नाही.

काढलेला फिल्टर कापून बघा आणि दिसेल ते लिहा. पितळी कण दिसले तर पंप-मोटरकडे बघा, काळे रबरी तुकडे दिसले तर सिलेंडरच्या सीलकडे.

ग्रीसगन
वरचं सगळं बरोबर. माझा आग्रह टॉप-अपच्या नोंदीसाठी आहे. ऑइल बदलल्याची नोंद सगळे ठेवतात, पण मधे घातलेला एक-दोन लिटर कोणी लिहीत नाही. बिघाडाची पहिली खबर नेमकी त्यातच असते.

पातळी वाढली तर तेही लिहा. स्विंग गिअरबॉक्सचं (पोकलेनचा वरचा भाग फिरवणारा) ऑइल आपोआप वाढलं तर मोटरच्या शाफ्ट सीलमधून हायड्रॉलिक ऑइल आत येतंय. इंजिन ऑइल वाढलं तर डिझेल किंवा कूलंट उतरतंय, ज्या मशीनला पंप इंजिनच्या गिअरवर बसवलेला असतो तिथे हायड्रॉलिक ऑइलही येऊ शकतं. अशा वेळी मशीन चालवत राहू नका.

डिझेल टाकी फुल ते टाकी फुल मोजून लिटर भागिले तास काढा. तुलना त्याच मशीनच्या त्याच प्रकारच्या कामाशी करा, कारण ब्रेकरचा आणि भरणीचा आकडा एक येत नाही.

ऑइल सॅम्पल लॅबला देत असाल तर बाटलीवर मशीनचे तास आणि ऑइलचे तास दोन्ही हवेत. सॅम्पल गरम ऑइलचं घ्या, ड्रेनची पहिली धार सोडून. इंजिन ऑइलमध्ये सिलिकॉन आणि लोह जोडीने वाढले तर आधी एअर फिल्टर आणि इनटेक पाइपचे क्लिप तपासा, धूळ आत जातेय. सोडियम-पोटॅशियम वाढलं तर कूलंट गळतंय.

साइट_हिशेब
ऑपरेटरकडून निबंध मागू नका. एकच कार्ड केबिनमध्ये ठेवा: सुरुवातीचे तास, शेवटचे तास, ग्रीसिंग केलं का, टॉप-अप किती, काही गळतंय का. संध्याकाळी मीटरचा फोटो. वही आणि एक्सेल मेकॅनिक किंवा सुपरवायझरने भरायचं, तेही आठवड्यातून एकदा. ग्रीसिंगची खूण रोज घ्या, पण अधूनमधून पिनजवळ नवं ग्रीस बाहेर आलंय का ते डोळ्यांनी बघा. ग्रीस भरायचं निप्पल चोंदलं असेल तर कार्डावर खूण होते आणि पिनभोवतीचा बुश कोरडाच राहतो.

खडीवाला_नगर
एका जेसीबीचं मीटर ६८४० वर बंद पडलं. नवं शून्यापासून सुरू झालं. आता?

वर्कशॉप_मेस्त्री
वहीत लाल शाईने ओळ: जुनं मीटर ६८४०, नवं ०, तारीख, सही. इथून पुढे एकूण तास म्हणजे नव्या मीटरचा आकडा अधिक ६८४०, आणि सर्व्हिसचा हिशेब त्याच एकूण तासांवर. मीटर बंद असताना मशीन चालली असेल तर तेवढ्या काळाचं डिझेल भागिले नेहमीचं लिटर-प्रति-तास करून तास काढा, पुढे ‘अंदाज’ लिहा आणि तेही बेरजेत धरा. केबिनमध्ये मीटरशेजारी ‘+६८४०’ अशी पट्टी चिकटवा, त्यात अंदाजाचे तास मिळवून, म्हणजे नवा ऑपरेटर गोंधळणार नाही.