स्पीकर बरे, पण बेसच लागत नाही: कमी खर्चात काय केलंत?

घरच्या स्टिरिओचा बेस पातळ वाटतो, ही तक्रार इतक्यांदा कानावर आली की म्हटलं, सगळ्यांचे अनुभव एकत्र करावेत. अट एकच: ‘नवे स्पीकर घेतले’ हे उत्तर चालणार नाही. आहे त्यातच काय करून पाहिलंत, ते लिहा. फसलेले प्रयोग असतील तर ते आधी.

सुरुवात माझ्यापासून. घर बदललं. स्पीकर तेच, अँप्लिफायर (अँप) तोच, आवाज मात्र सर्दी झाल्यासारखा. डग्गा वाजतोय हे कळायचं, पण तो घुमायचा नाही. आठवडाभर नव्या खोलीला बोल लावला. मग एकदा झाडताना एका स्पीकरची वायर निघाली आणि बेस चक्क वाढला! दोघांपेक्षा एकट्याचा बेस जास्त? मागे टॉर्च मारून पाहिलं, तर डाव्या स्पीकरची लाल वायर काळ्या टर्मिनलमध्ये. एकाचा कोन (आवाज काढणारा हलता पडदा) पुढे यायचा तेव्हा दुसऱ्याचा मागे जायचा आणि खर्जातले स्वर एकमेकांना खाऊन टाकायचे. वायरींची अदलाबदल केली, काम झालं. जोडणी माझीच होती, त्यामुळे घरात कुणाला सांगितलं नाही.

• • •

वरच्याला पुरवणी. वायरीवर खूणच नसेल तर ती अँपपासून सोडवा आणि तिची दोन टोकं दीड व्होल्टच्या पेन्सिल सेलला क्षणभर टेकवा. ‘टक्’ होऊन वूफर, म्हणजे खर्जाचा मोठा कोन, बाहेर येतो किंवा आत जातो. दोन्ही स्पीकर एकाच दिशेला हलले पाहिजेत, बस्स.

• • •

माझा सोफा खोलीच्या बरोबर मध्यावर होता. तिथे बसलं की बेस गायब, उठून मागच्या भिंतीला टेकलं की दणदणीत. ईक्वलायझरवर खालच्या पट्ट्या चढवून पाहिल्या, सोफ्यावर काडीचा फरक नाही.

नंतर गणित कळलं. खोली 4 मीटर लांब. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण 343 मीटर, म्हणजे त्या लांबीत जिची बरोबर अर्धी लांबी मावते ती 43 हर्ट्झच्या आसपासची लाट अडकून राहते. भिंतींशी तिचा जोर सर्वाधिक, मध्यावर जवळजवळ शून्य. बेस गिटारची सर्वांत जाड तार 41 हर्ट्झची, म्हणजे नेमकी तीच बुडत होती. अशा खड्ड्यात कितीही बेस ओता, भरत नाही. सोफा मीटरभर मागे सरकवला. टीव्ही आता लांब पडतो अशी कुरकुर आहे, ती ऐकू येत नाही असं दाखवतो.

• • •

मी बेसचं बटण शेवटपर्यंत फिरवणाऱ्यांतला. 10 डेसिबल वाढवायचे तर अँपला दहापट ताकद लावावी लागते, हे ट्वीटर (उंच स्वरांचा छोटा स्पीकर) जळाल्यावर समजलं. अँप दमला की लाटेचे शेंडे छाटतो आणि त्या छाटलेल्या आवाजाचा मार ट्वीटरवर बसतो. बेस हवा होता, होता तो ट्रेबलही गेला.

• • •

माझे स्पीकर वीसेक वर्षांचे, वूफर आठ इंची. पुढची जाळी काढली आणि कोनाभोवतीच्या फोमच्या कडेला बोट लावलं, तर काळा चिकट भुगा हातात आला. फोम नुसता पडून राहिला तरी कुजतो. रबरी कडा बरीच जास्त टिकते. कोन तसा ठणठणीत होता, म्हणून फक्त नवी फोमची रिंग आणि गोंद मागवला.

खरा वेळ जुना गोंद खरवडण्यात जातो. एका वूफरला पूर्ण दुपार लागली. रिंग आधी कोनाला चिकटवायची, ती वाळली की फ्रेमला. फ्रेमला लावताना कोन बरोबर मध्यावर हवा. दोन्ही हातांच्या बोटांनी तो अलगद आत दाबायचा आणि कान लावून ऐकायचं. खरखर आली की आतली कॉइल चुंबकाला घासते आहे असं समजा. पहिल्या वूफरला मी ही परीक्षा गोंद वाळल्यावर घेतली! सगळं उचकटून पुन्हा केलं. दुसरा एका फटक्यात जमला. आता जुन्या रेकॉर्डिंगमधला चेलो लाकडी वाटतो, आधी तो डब्यातून यायचा.

• • •

रात्री हळू आवाजात ऐकणाऱ्यांनी अँपवर ‘लाउडनेस’ बटण आहे का पाहा. आवाज कमी झाला की आपला कान बेसला जास्त बहिरा होतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्येच ते आलेखावर मांडलं होतं. हे बटण तेवढी भर घालतं. माझ्याकडे ते वर्षानुवर्षं धूळ खात होतं.

• • •

भिंतीजवळ नेल्यावर बेस वाढतो, म्हणून मी स्पीकर थेट कोपऱ्यात कोंबले. वाढला की! पण प्रत्येक गाण्यात एकच ‘ढब ढब’. स्पीकरच्या मागे हवेचं भोक असल्याने आणखी घोळ. शेवटी भिंतीपासून वीतभर पुढे ओढले आणि भोकात मोजे गुंडाळून घातले. हसू नका, ढबढब बरीच उतरली. मोजे धुतलेले होते.

• • •

रिसीव्हरवाल्यांनो, सेटिंग तपासा. माझ्याकडे सबवूफर (फक्त खर्जासाठीचा वेगळा स्पीकर) नाही, पण मेनूत तो ‘आहे’ आणि स्पीकर ‘स्मॉल’. म्हणजे 80 हर्ट्झच्या खालचं बरंचसं नसलेल्या सबवूफरकडे जात होतं. दोन वर्षं.

• • •

मी इथलं सगळं केलं. वायर, भिंत, सोफा. थोडा फरक पडला, पण चार इंची वूफरकडून 30 हर्ट्झ मिळत नाहीत ते नाहीतच. तेव्हा जुना सबवूफर घेतला.

जागा ठरवायला तो माझ्या खुर्चीवर चढवला, एकच बेसची धून लावली आणि मी भिंतीकडेने रांगत निघालो. जिथे बेस भरीव आणि समान ऐकू येईल तिथे सबवूफर ठेवायचा, असा हिशोब. मुलगी लगेच पाठीवर बसली. जागा सापडली ती दाराशेजारी, चपलांच्या कपाटालगत. फेजचं बटण (कोनाची पुढे-मागे दिशा उलटवणारं) 0 आणि 180, दोन्हीवर ऐकून जिथे भरदार वाटलं तिथे सोडलं. चपला आता दुसरीकडे असतात.