विषय: रिडेम्प्शन रॉक – तिथे बघायचं काय?

नमस्कार मंडळी,

वाचूसेट डोंगराच्या सहलीत मॅसॅच्युसेट्समधल्या प्रिन्स्टनचा रिडेम्प्शन रॉक कशाला, असं दोघातिघांनी विचारलं. खरं सांगायचं तर एक भलामोठा खडक आणि भोवती झाडी. पण २ मे १६७६ला मेरी रोलँडसनच्या सुटकेचा सौदा इथे ठरला. लँकेस्टर गावच्या प्युरिटन (कडव्या प्रोटेस्टंट) पाद्र्याची ही बायको. मूलनिवासी सरदार मेटाकॉमच्या इंग्रज वसाहतकऱ्यांशी झालेल्या युद्धात, फेब्रुवारीत गावावर हल्ला झाला. ती होती त्या घरात ३७ माणसं. एकच निसटला, बाकीचे मेले किंवा पकडले गेले. एकाच गोळीने ती आणि तिच्या हातातली सहा वर्षांची मुलगी जखमी झाली. आठवडाभराने मुलगी गेली. आई रात्रभर त्या प्रेताशेजारी पडून होती. त्या अवस्थेत आपण जिवाचं बरंवाईट करून घेतलं नाही, ही देवाचीच कृपा, असं ती पुढे आपल्या आठवणींत लिहिते.

– सहल समिती

---

समितीने छान लिहिलंय. थोडी भर घालतो. मेडफिल्ड गावाच्या लुटीतलं बायबल एका मूलनिवासी माणसाने तिला आपणहून दिलं. तिने उघडलं तर त्यातल्या 'अनुवाद' (Deuteronomy) या पुस्तकाचा २८वा अध्याय, सगळे शापच! धीर सुटला, तरी वाचत राहिली आणि तिसाव्यात पश्चात्ताप करणाऱ्याला दया मिळाली. पुढे शर्ट शिवून, मोजे विणून पोट भरलं, घोड्याचं काळीजही खाल्लं. शेवटी तिला बायबलच्या स्तोत्र ११९ मधलं वचन आठवतं: मला पीडा झाली हे बरंच झालं. तुकोबांचं 'बरी या दुष्काळें पीडा केली' आठवतं की नाही?

– नाशुआ

---

काका, आठवतं. पण तुकोबांच्या समोर दुष्काळ होता, हिच्यासमोर माणसं होती. बायबल देणारा माणूस, शेकोटीजवळ जागा देणाऱ्या बायका, सगळं श्रेय ती देवाला देते. म्हाताऱ्याकोताऱ्या, लेकुरवाळ्या बाया नदी उतरून गेल्या आणि इंग्रज फौज काठावर अडली, तर तिचा निष्कर्ष हा की आमची शिक्षा अजून पुरी झाली नव्हती. या श्रद्धेने ती जगली, हे मान्यच. पण त्या फौजेपासून जीव वाचवत पळणाऱ्यांचीही काही बाजू असेल, हे तिला सुचतच नाही.

सुटकेचे निरोप घेऊन आलेले टॉम नेपानेट आणि पीटर कॉनवे हे ख्रिस्ती झालेले मूलनिवासी. त्यांच्यासारख्या शेकडो लोकांना इंग्रजांनी त्या हिवाळ्यात बॉस्टनजवळच्या डियर आयलंडवर डांबलं होतं. थंडीने, उपासमारीने कितीतरी मेले. देव एकच, तरीही. दोघांचे हात धरून ती रडली. पण लगेच पुढे ख्रिस्ती मूलनिवाशांच्या दुष्कृत्यांची यादीच देते.

किती खंडणी, हे तिलाच विचारलं होतं. फार कमी सांगितलं तर धुडकावतील, फार जास्त सांगितलं तर जमणार नाही, म्हणून वीस पौंड म्हणाली. असा हिशोबही तिला येत होता! खडकावर कोरलंय ते इंग्रजांतर्फे सौदा करणाऱ्या कॉन्कर्डच्या जॉन होरचं नाव. नेपानेटचं नाही.

मी येतेय. वूस्टरहून कुणाला यायचं असेल तर गाडीत जागा आहे.

– वूस्टर