म्युझिक प्लेयर घेताना आधी जीबी बघायचे की सबस्क्रिप्शन चालतं का ते?

खर्जातला_सा
नवीन प्लेयर घ्यायचाय असं कुणी म्हटलं की पहिला सल्ला हाच मिळतो, "स्पॉटिफाय चालतं का ते बघ", आणि मला तो साफ चुकीचा वाटतो. आधी मेमरी कार्डची खाच आहे का बघा, किती जीबीपर्यंतचं कार्ड घेतो ते बघा, बाकी सगळं नंतर. सबस्क्रिप्शन चालणं हा त्या यंत्राचा गुण नाहीच, तो दोन कंपन्यांमधला करार असतो आणि करार मोडतात. २००४ ला मायक्रोसॉफ्टने 'प्लेज फॉर शुअर' नावाचा शिक्का काढला, क्रिएटिव्ह, आयरिव्हर अशा बऱ्याच कंपन्यांच्या प्लेयरवर तो असायचा, म्हणजे नॅपस्टरसारख्या ठिकाणी दरमहा पैसे भरून घेतलेली गाणी त्यावर वाजणार. आणि नोव्हेंबर २००६ मध्ये त्याच मायक्रोसॉफ्टने स्वतःचा झून प्लेयर आणला, त्यावर ती गाणी वाजेनात! ज्यांनी शिक्का बघून पैसे घातले त्यांनी काय करायचं? त्याउलट २००१ चा ५ जीबीचा पहिला आयपॉड कुणाकडे चालू स्थितीत असेल तर त्यातली एमपीथ्री आजही वाजेल, कुणाला विचारावं लागणार नाही.

रोजची_लोकल
अहो पण हे वीस वर्षांपूर्वीचं झालं. आणि तुमच्या उदाहरणातला अर्धाच भाग तुम्ही सांगितलात. एमएसएन म्युझिक या मायक्रोसॉफ्टच्याच दुकानात लोकांनी गाणी भाड्याने नाही, *विकत* घेतली होती, आणि २००८ मध्ये त्यांनी सांगितलं की त्या गाण्यांचं कुलूप (कॉपी होऊ नये म्हणून फाइलीवर घातलेलं बंधन) उघडणारे सर्व्हर आता बंद करणार, लोक भडकले म्हणून मुदत २०११ पर्यंत वाढवली एवढंच. गाणी स्टोरेजमध्येच होती ना? काय उपयोग झाला त्या जीबींचा?
मुख्य प्रश्न वेगळाच आहे. १२८ जीबीचं कार्ड घेतलं, भरणार कशाने? मराठी गाण्यांच्या फाइली रीतसर विकत मिळतात कुठे सांगा. सीड्यांची दुकानं गेली, नव्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नसतो. बहुतेकांची कार्डं यूट्यूबवरून उतरवलेल्या गाण्यांनी भरलेली असतात, त्यात गायकाला पैसा नाही आणि आवाजाला दर्जा नाही. मी स्पॉटिफायला दरमहा पैसे भरते, एका डिव्हाइसवर दहा हजार गाणी ऑफलाइन ठेवता येतात, मला ते पुरतं.

खर्जातला_सा
एमएसएनचा मुद्दा मान्य, पण तो माझ्याच बाजूचा आहे. फाइलवर कुलूप होतं म्हणून ती गेली, आणि तुमची दहा हजार ऑफलाइन गाणी तरी काय आहेत, कुलूपबंदच की. ३० दिवसांत एकदा ऑनलाइन गेला नाहीत की बंद. २००५ मध्ये नॅपस्टर टू गो या मासिक वर्गणीच्या सेवेसाठी महिन्यातून एकदा प्लेयर कॉम्प्युटरला जोडावा लागायचा, आता वायफायला जोडायचा.
आणि वीस वर्षांपूर्वीचं नको असेल तर आपल्याकडचं घ्या. २०१९ ला स्पॉटिफाय भारतात आलं, लगेच सारेगामाशी वाद कोर्टात गेला आणि सारेगामाचा सगळा कॅटलॉग काढला, २०२० मध्ये करार झाल्यावर परत आला. सारेगामा म्हणजे जुनी एचएमव्ही! जुनी भावगीतं, नाट्यगीतं, अभंग यांचा केवढा मोठा भाग तिथे आहे. २०२४ च्या मार्चमध्ये झी म्युझिकची गाणी गेली, नंतर आली. रेसो हे गाण्यांचं अ‍ॅप २०२४ च्या जानेवारीत बंद, विंक हे दुसरं त्याच वर्षी बंद करायचं ठरलं. ज्यांनी तिथे वर्षानुवर्षं याद्या लावल्या होत्या त्यांची ती मेहनत कुणी भरून द्यायची?

तिहाई_चुकली
मी कार्डवाल्यांच्या बाजूने, पण वेगळ्या कारणासाठी. शास्त्रीय ऐकणाऱ्याला अ‍ॅपमध्ये काय मिळतं बघा: एकाच रागाचा विलंबित एका ट्रॅकवर, द्रुत दुसऱ्या, आणि शफल चालू राहिलं तर द्रुत आधी. तबलजीचं नाव नाही, राग चुकीचा लिहिलेला. स्वतःच्या फाइली असल्या की टॅग (फाइलीत लिहिलेली गाणं, कलाकार, अल्बम ही नावं) आपल्या हातात असतात, मी अल्बमच्या जागी राग लिहितो, कलाकारापुढे साथीदार. घरी पुण्याच्या अलूरकरांनी काढलेल्या कॅसेटी असतील तर त्या तर स्वतःच डिजिटाइझ करून ठेवाव्यात, अ‍ॅपवर सापडतील या भरवशावर राहू नका. जागेचं गणित सोपं आहे, एक भरलेली सीडी फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता आकार कमी करणारी फाइल) साधारण ३००-४०० एमबी होते, म्हणजे १२८ जीबीत तीनशेच्या आसपास सीड्या.
एक मात्र घेण्याआधी दुकानातच तपासा, देवनागरी टॅग. स्वस्त प्लेयरवर 'मारवा' च्या जागी नुसते चौकोन येतात, काहींवर अक्षरं येतात पण जोडाक्षरं फुटतात, 'भटियार' ची वेलांटी भलत्याच अक्षरावर. मग सगळी लायब्ररी रोमनमध्ये परत लिहित बसावं लागतं.

घाटमाथा
भांडताय कशाला, अँड्रॉइडवाला घ्या की. सोनीचा एनडब्ल्यू-ए३०६ (२०२३ चा) कार्डही घेतो, त्यावर अ‍ॅपही चालतात. फक्त ३२ जीबी लिहिलेत त्यातले जेमतेम १८ आपल्या वाट्याला येतात, बाकी सिस्टिम खाते, त्यामुळे कार्ड लागतंच. आणि बॅटरीचे आकडे कंपनीनेच दिलेत, साध्या फ्लॅकवर ३६ तास, स्ट्रीमिंगवर २६.

खर्जातला_सा
@घाटमाथा चांगला आहे, पण अँड्रॉइडचं एक दुखणं आहे. प्लेयरला पुढचं अँड्रॉइड सहसा येत नाही आणि अ‍ॅपवाले जुन्या आवृत्त्या सोडत जातात, म्हणजे प्लेयर धडधाकट, अ‍ॅप उघडत नाही. तेव्हा उरणार काय तर कार्ड. म्हणून म्हणतो की अ‍ॅपसाठी जास्तीचे दहा-पंधरा हजार घालताना ते चार-पाच वर्षांचेच धरा.

रोजची_लोकल
धरले चार-पाच वर्षांचे, तरी मला परवडतं. माझ्या भरायच्या प्रश्नाला उत्तर अजून मिळालेलं नाही. तुमच्याकडे सीड्या आहेत, कॅसेटी आहेत, तुमच्या पिढीने जमवल्या. ज्याचं ऐकणंच फोनवर सुरू झालं त्याने कार्डात काय घालायचं? शुक्रवारी आलेलं नवीन गाणं मला शुक्रवारी ऐकायचं असतं आणि रीतसर ऐकायचं असतं, त्याला आज सबस्क्रिप्शन सोडून रस्ता नाही. माझ्या आईला सारेगामाचा कारवाँ घेऊन दिला, पाच हजार गाणी आत, नेट नको, ती खूश आहे. पण त्यात एक गाणं बदलायचं म्हटलं तर नाही बदलता येत.

खर्जातला_सा
@रोजची_लोकल नवीन गाण्यांसाठी तुमचं बरोबर, तिथे माझ्याकडे उत्तर नाही. पण बाकीच्यासाठी आहे. लॅपटॉपला जोडायचा यूएसबी सीडी ड्राइव्ह दीड-दोन हजारात येतो, जुन्या सीड्या रद्दीवाल्याकडे, घर रिकामं करणाऱ्यांकडे अजून मिळतात, सीडीवरची गाणी फाइलीत उतरवणारं एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे सॉफ्टवेअर फुकट आहे. आयट्यून्स स्टोअर भारतात २०१२ पासून आहे, तिथली गाणी बिनकुलपाची असतात, मराठीही बरीच. बँडकॅम्प या साइटवर तर कलाकार स्वतः फ्लॅक विकतात. जे गाणं दहा वर्षांनीही लागणार असं वाटतं तेवढंच विकत घ्या, बाकी ऐका अ‍ॅपवर.
कार्ड ३२ जीबीच्या वरचं घेतलंत तर ते एक्सफॅट या फॉरमॅटमध्ये येतं, काही स्वस्त प्लेयर फक्त फॅट३२ हा जुना फॉरमॅट वाचतात, ते आधी विचारून घ्या.