रील्सनी मुलींच्या अपेक्षा वाढवल्यात की आपणच गळे काढतोय?

बांधावरचा:
काल एका ताईंनी लिहिलं, 'अपेक्षा कमी करणार नाही, ज्याला झेपत नसेल त्याने बाजूला व्हावं'. ठेवा की अपेक्षा, पण त्या येतात कुठून ते तरी बघा. तासगावकडं अडीच एकर द्राक्षबाग आहे माझी, तुळशीच्या लग्नानंतर मुलगी बघायला गेलो, पोहे झाले, आम्हाला गच्चीवर पाठवलं, तर तिचा पहिला प्रश्न, 'प्रपोज कसं करणार?' आणि मोबाईल पुढे केला, मनालीच्या बर्फात गुडघ्यावर बसलेला पोरगा. माझ्या हाताला अजून फवारणीच्या औषधाचा वास येत होता.

तिखटमीठ:
मग बसायचं गुडघ्यावर, बागेत नाही का बसत? माझ्या आईला लग्नाआधी बाबांचा फोटोपण दाखवला नव्हता, तिला अपेक्षा नव्हत्या असं वाटतं का? विचारलंच नाही कुणी. नवऱ्याने स्वतःचं ताट उचललं तर ते उपकार नसतात, हे मला रील्समधूनच कळलं.

कोथरूडकर:
ताट उचलू हो, पण प्री-वेडिंगला ड्रोन कशाला? भावाच्या लग्नात शूटचं बिल हॉलच्या भाड्याएवढं झालं, हप्ते अजून चालू आहेत, अन् ते फोटो आता कोण बघतं?

तिखटमीठ:
ड्रोन मुलीनेच मागितला कशावरून? आमच्याकडे दिराला हवा होता. उगाच बायकांच्या नावावर काहीही खपवू नका!

कोथरूडकर:
बरं बाई, दिराला हवा होता. हप्ते पण दीरच भरतोय ना?

जुनं खोड:
ड्रोन उतरवा आता. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात पोरं नवरदेवाच्या वेशात, काही तर घोड्यावर, कलेक्टर ऑफिसला गेली होती, मुलगी मिळत नाही म्हणून. 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 807 मुली. रील्स आपल्याकडे आलं 2020 मध्ये. जन्मालाच येऊ दिल्या नाहीत त्या पोरींना कुठल्या रीलने बिघडवलं?

बांधावरचा:
मला दोन बहिणी आहेत, मला कशाला सुनावता? आणि जमीन विचारणारे तर मुलीचे वडीलच होते. सातबारा बघितला, विहिरीचं पाणी विचारलं, मग म्हणाले पुण्यात नोकरी असती तर बरं झालं असतं. शेती पाहिजे, शेतकरी नको.

तिखटमीठ:
त्यांनी कुठलं रील बघितलं होतं दादा? नाही म्हणाले वडील आणि पोस्ट पोरीवर?

बांधावरचा:
जिंकलात ताई. पुढच्या वेळी बसतो गुडघ्यावर. फक्त ऑक्टोबर छाटणीत स्थळ आणू नका, मरायला वेळ नसतो.