मदत हवी आहे : खानापूर तालुका, मराठी माध्यम, आता इंजिनीअरिंग. केसीईटी (कर्नाटकची प्रवेश परीक्षा) की महाराष्ट्रात ‘टाईप ई’?

मंडळी, नमस्कार. प्रश्न धाकट्या बहिणीचा आहे. ती लिहायला लाजते, म्हणून मी लिहितोय.

आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात. पहिली ते दहावी ती गावच्या मराठी शाळेत शिकली. एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटक बोर्डाच्या दहावीला, पहिली भाषा मराठी, १२५ मार्कांची. आता बेळगावात सेकंड पीयूसी (म्हणजे बारावी), पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स), सगळं इंग्रजीतून. पहिले चार महिने फार हाल झाले. तिची तेव्हाची फिजिक्सची वही मी बघितलीय. समासात पेन्सिलीनं ‘मोमेंटम = संवेग’, ‘अ‍ॅक्सिलरेशन = त्वरण’, आणि एका पानावर नुसतंच ‘सर काय म्हणाले?’ दिवाळीनंतर समास रिकामे होत गेले. आता गणितात तिला मीच विचारतो.

कॉम्प्युटर इंजिनीअरिंग घ्यायचंय. पण घोळ असा, की कर्नाटकात कन्नड माध्यमवाल्यांना ५ टक्के जागा राखीव आहेत, त्यात ही बसत नाही. आणि महाराष्ट्रात म्हणे सीमाभागातल्या मुलांसाठी ‘टाईप ई’ आहे, पण त्यासाठी मातृभाषा मराठी असल्याचा दाखला लागतो. दहा वर्षं मराठीत शिकलेल्या पोरीनं मराठीचा दाखला काढायचा! असो, काढू की.

माझे प्रश्न :
दोन्हीकडच्या सीईटी द्याव्यात का? अभ्यास एकच होतो का?
टाईप ईचे दाखले कुणाकडून घ्यायचे? मी नाडकचेरीत (इकडचं महसूल कार्यालय) गेलो तर तिथं रहिवासी दाखला देतो म्हणाले. तो चालतो का?
मार्क्स कार्डावर तिचं नाव आणि पुढं दोन इनिशियल्स आहेत. आधारवर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव. अडतं का?
आणि मामांचं म्हणणं, पुण्यात पिंपरी-चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनीअरिंगला २०२१ पासून मराठीतून कॉम्प्युटर आहे, तिथंच घाला. तुम्हाला काय वाटतं?

प्रतिसाद १

दादा, आधी ग्रामीण कोट्याचं बघा. केसीईटीत रूरलच्या १५ टक्के जागा आहेत आणि त्याला माध्यमाची अट नाही. पहिली ते दहावी सगळी वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली हवीत. स्टडी सर्टिफिकेटवर हेडमास्तरांची सही आणि त्यावर बीईओची (गटशिक्षणाधिकाऱ्यांची) काउंटरसाइन. कन्नड माध्यमाचं दुःख करत बसून हा हक्काचा कोटा सोडणारे लोक मी पाहिलेत. तुम्ही मराठा असाल तर कर्नाटकात ३बी हा मागासवर्गीय प्रवर्ग लागतो, तो दाखलाही आत्ताच काढून ठेवा. मात्र तोच दाखला महाराष्ट्रात चालेल असं धरून चालू नका.

प्रतिसाद २

दोन्ही द्याव्यात, पण हिशोब वेगळा आहे. कर्नाटकात इंजिनीअरिंगच्या रँकला पीयूसीचे पीसीएमचे मार्क निम्मे आणि केसीईटी निम्मी. महाराष्ट्रात मेरिट सीईटीवर लागतं, बारावीचे मार्क पात्रतेपुरते. म्हणजे पीयूसीच्या बोर्डाकडं दुर्लक्ष करून चालणार नाही. पीयूसीला एनसीईआरटीची पुस्तकं असतात, तर एमएचटी-सीईटी (महाराष्ट्राची सीईटी) महाराष्ट्र बोर्डाच्या अकरावी-बारावीवर, साधारण अकरावी २० टक्के आणि बारावी ८०. धडे बरेचसे तेच, पण बालभारतीची पुस्तकं एकदा डोळ्याखालून घालाच. गणिताच्या ५० प्रश्नांना प्रत्येकी २ मार्क असतात, निगेटिव्ह नाही. बहीण गणितात पक्की आहे म्हणताय, तर हा पेपर तिच्यासाठीच आहे. फिजिक्स-केमिस्ट्री मराठीतूनही मिळतं, गणित मात्र इंग्रजीतच.

जेईई मेन देणार असाल तर एक लक्षात ठेवा. मराठी पेपर महाराष्ट्रातल्या केंद्रावरच मिळतो. बेळगाव केंद्र घेतलंत तर मराठी विसरा.

प्रतिसाद ३

टाईप ईसाठी तीन गोष्टी लागतात. दहावी किंवा बारावी सीमाभागातल्या मान्यताप्राप्त संस्थेतून, रहिवास त्याच भागातला, आणि मातृभाषा मराठी. नाडकचेरीचा साधा रहिवासी दाखला घेऊन नंतर रडू नका. माहितीपुस्तिकेत दाखल्यांचे नमुने दिलेले असतात. ते छापून घ्या, खाली ज्या अधिकाऱ्याचा हुद्दा असेल त्याचीच सही-शिक्का, आणि मजकूर शब्दाला शब्द तोच. आपलं गाव महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांच्या यादीत कुठल्या नावानं आहे तेही बघून ठेवा. आमच्या गावाचं नाव सात-बाऱ्यावर, म्हणजे तिकडच्या उताऱ्यावर, एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरं होतं, त्यात आठवडा गेला.

नावाचं म्हणाल तर फॉर्मवर मार्क्स कार्डाप्रमाणे लिहा. इनिशियल्सचा अर्थ सांगणारं अ‍ॅफिडेव्हिट करून फाइलला लावून ठेवा.

प्रतिसाद ४

मामांना माझा विरोध. पोरीनं दोन वर्षं घाम गाळून इंग्रजी शब्द कमावलेत, आता पुन्हा उलटा प्रवास कशाला?

प्रतिसाद ५

वरच्यांशी असहमत. संवेग म्हणजे काय हे तिला मराठीतून कळलं होतं म्हणूनच मोमेंटम सोपं गेलं. तिलाच विचारा की!

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. रूरलचं खरंच डोक्यात नव्हतं. बीईओ ऑफिसचं काम या आठवड्यात उरकतो. दाखल्यांचे नमुने छापले, पुढच्या शनिवारी गावी जाऊन उद्योगाला लागतो. दोन्ही सीईटी द्यायचं ठरलं.

मामांच्या त्या मराठीतून कॉम्प्युटरबद्दल तिला विचारलं. म्हणाली, ‘नको, आता कुठं सरांचं बोलणं कळायला लागलंय.’ आणि ते वहीतलं पान मी इथं चव्हाट्यावर मांडलं म्हणून कालपासून माझ्याशी अबोला धरलाय.

एकच राहिलं : अ‍ॅफिडेव्हिट बेळगावात केलेलं पुण्यात चालतं ना? कन्नड स्टॅम्प पेपर आहे म्हणून विचारतोय.