मदत हवी आहे: वेडेलिया नाल्यात उतरली, कशी आवरू?

नमस्कार मंडळी. नागपुरात नाल्याला लागून घर आहे. 4 वर्षांपूर्वी कंपाउंडच्या भिंतीलगत काही टिकेना, म्हणून नर्सरीवाल्याने पिवळ्या फुलांची ही पसरणारी वेल दिली. म्हणाला, "लावा अन् विसरा." शब्दाला जागला बिचारा! मे महिन्यात 45 डिग्रीत लॉन करपलं, ही कूलरच्या गळक्या पाण्यावर तरारलेली.

घोळ मीच घातला. छाटणी केली की तुकडे भिंतीपलीकडे फेकायचो. आता नाल्याचा 40 फूट काठ हिनेच व्यापलाय. तिथे पावसाळ्यात तरोटा उगवायचा, शेजारच्या काकू भाजीला खुडून न्यायच्या. यंदा एक रोप नाही.

काल एक दांडी उचलून पाहिली. वीतभर तुकड्याला 3 पेरं, प्रत्येक पेराला पांढऱ्या मुळ्या. ओढली की पेरापाशी तुटते, मुळी मातीतच राहते.

आई म्हणते हा पिवळा माका, औषधी आहे, उपटू नको. पण माक्याचं पान लांबट असतं. हिच्या पानाला दोन्ही बाजूंनी खांदे फुटून 3 टोकं झालीत. हिचं मूळ मेक्सिको ते दक्षिण अमेरिका, आणि आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या 100 उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत नाव! तरी नर्सरीत सर्रास मिळते.

एक जण ग्लायफोसेट तणनाशक मार म्हणतो. नाल्यात पाणी आहे, बेडूक आहेत, खाली गायी चरतात. मन धजत नाही. हाताने काढली तर ढीग टाकू कुठे?

प्रतिसाद: पाण्याजवळ तणनाशक नकोच. पाऊस उघडला की माती मऊ असते, तेव्हा खुरप्याने पेरासकट काढा. सुरुवात प्रवाहाच्या वरच्या अंगाने करा, नाहीतर वरचे तुकडे वाहत येऊन साफ केलेल्या जागी पुन्हा रुजतील. माल काळ्या पिशव्यांत बांधून गच्चीवर उन्हात ठेवा, पार कुजेपर्यंत उघडू नका. महिन्याभराने परत फेरी मारा, राहिलेल्या पेरांना फुटवे आलेले दिसतीलच. आणि आधी कंपाउंडच्या आतली काढा.

धागाकर्ता: आतलीपण? आई रोज सकाळी देवाला तीच फुलं वाहते हो. तिला काय सांगू?

प्रतिसाद: तिथे झेंडू लावून द्या. मग काढा.