पहिला रोबोट: तयार कोड टाकून आधी पळवावा, की दिवा लुकलुकवण्यापासून सुरुवात करावी?

हिशोबनीस

मंडळी, मी पेशाने हिशोबनीस. वय ४७. इलेक्ट्रॉनिक्सशी संबंध घरातला फ्यूज बदलण्यापुरता. दिवाळीत आठवीतल्या मुलीला अडथळे टाळणाऱ्या रोबोटगाडीचं किट आणून दिलं. ॲक्रिलिकचा सांगाडा, चार पिवळ्या मोटारी, मोटारी चालवणारा एल२९८एन ड्रायव्हर, आर्डुइनो नॅनो या प्रोग्रॅम भरायच्या छोट्या बोर्डाची नक्कल, पुढे प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा दोन डोळ्यांचा अल्ट्रासॉनिक सेन्सर आणि त्याची मान वळवायला एक छोटा सर्व्हो. सांगाडा दोन तासांत उभा राहिला. त्याला चालता करायला तीन शनिवार-रविवार गेले.

पहिला शनिवार गेला पोर्ट शोधण्यात. कॉम्प्युटरला बोर्ड दिसेचना. बोर्डावरच्या सीएच३४० या यूएसबी चिपचा ड्रायव्हर (हा सॉफ्टवेअरचा) दोनदा टाकला, मशीन चारदा बंद-चालू केलं. शेवटी शेजारच्या मुलाने नुसती केबल बदलून दिली. आमची केबल फक्त चार्जिंगची, आत डेटाच्या तारा नव्हत्याच! रविवारी पोर्ट दिसला तर कोड चढेना. 'प्रोग्रॅमर इज नॉट रिस्पॉन्डिंग', दहा वेळा, एकाखाली एक. प्रोग्रॅमर म्हणजे मीच असं वाटून मी खरंच वरमलो होतो.

उत्तर पुढच्या आठवड्यात मिळालं. मेनूत प्रोसेसरखाली 'ओल्ड बूटलोडर' निवडायचं असतं. बूटलोडर म्हणजे यूएसबीतून आलेला कोड चिपमध्ये उतरवून घेणारा छोटा प्रोग्रॅम. जानेवारी २०१८ पासून अस्सल नॅनोवर नवा बूटलोडर येतो, तो ११५२०० च्या वेगाने बोलतो. नकली बोर्डांवर बऱ्याचदा जुनाच असतो, ५७६०० वाला. कॉम्प्युटर भराभर बोलतोय आणि समोरच्याला एक अक्षर उमगत नाहीये, एवढाच प्रकार. किटबरोबरच्या कागदावर याबद्दल एक ओळ नाही. तिसऱ्या आठवड्यात कोड चढला, तर डावीकडच्या मोटारी उलट्या फिरून गाडी जागच्या जागी गरगर. तारा अदलाबदल केल्या, चालली.

माझं म्हणणं असं, की नवशिक्याला कोड शिकवण्याचा हट्ट सोडा. किटवाल्याने बोर्डात चालता प्रोग्रॅम भरूनच द्यावा. जोडा, बटण दाबा, पळाला पाहिजे. मिक्सर आणला की आपण त्याची मोटार गुंडाळायला बसत नाही, चटणी वाटतो. बोला.

वर्कशॉपवाले सर

चटणीच वाटायची होती तर रिमोटची गाडी आणायची, कमी पैशांत येते. तीन आठवडे गेले म्हणता, पण बूटलोडर म्हणजे काय, बॉड रेट, म्हणजे तो बोलण्याचा वेग, म्हणजे काय, हे आज तुम्ही चार ओळींत सांगितलंत. दिवाळीआधी सांगू शकला असतात का?

मी पॉलिटेक्निकात प्रयोगशाळा सांभाळतो. दरवर्षी शेवटच्या वर्षाची मुलं तयार कोड घेऊन येतात. एका गटाची गाडी मस्त पळत होती. सेन्सरची मान वळवायला सर्व्हो जोडला आणि दोन्ही बाजूंच्या मोटारी गप्प. मुलांनी ड्रायव्हर बदलला. मोटारी बदलल्या. पुण्याला तपकीर गल्लीत जाऊन नवा बोर्ड आणला. काही नाही. परीक्षा चार दिवसांवर, चेहरे उतरलेले.

कारण काय? त्यांनी मोटारींचा वेग ९ आणि १० या पिनांवरून चालवला होता. उनो-नॅनोमध्ये या दोन पिनांचा पीडब्ल्यूएम (वीज भराभर चालू-बंद करून वेग कमी-जास्त करणं) चिपमधल्या टायमर १ वर चालतो आणि सर्व्होची लायब्ररी, म्हणजे आयता कोड, नेमका तोच टायमर बळकावते. सर्व्हो त्या पिनांवर जोडलेला नसला तरी. वेगाच्या दोन तारा ५ आणि ६ वर हलवल्या, कोडात दोन आकडे बदलले, गाडी सुरू. पाच मिनिटांचं काम. आधी दिवा लुकलुकवा, मग बटण, मग एक मोटार, मग दोन. प्रत्येक पायरीला काय बिघडलं ते कळतं. सगळं एकदम जोडलं की कुठे बिघडलं हे ब्रह्मदेवालाही कळत नाही.

सुटीतला वर्ग

सर, तुमच्या मुलांना भीती परीक्षेची. माझ्याकडे येतात ती दहा-अकरा वर्षांची, त्यांच्या बाबतीत मला भीती कंटाळ्याची. मी ठाण्यात घरीच मे महिन्यात वर्ग घेते. पहिल्या वर्षी मीही दिव्यापासूनच सुरुवात केली होती. दिवा लुकलुकला. एक जण शांतपणे म्हणाला, "ताई, हे तर आजीच्या देव्हाऱ्यातल्या माळेतपण होतं." दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही.

आता मी चालती गाडीच हातात देते. कोड उघडून एकच आकडा दाखवते: अडथळा २० सेंटिमीटरवर आला की थांब. त्याचे ६० करा म्हणते. मग गाडी भिंतीपासून लांबूनच लाजते आणि पोरं खिदळतात. मग डावं-उजवं उलटं करा. मग मान वळवायचा वेळ निम्मा करा. चौथ्या दिवशी कोणीतरी विचारतंच की ही ओळ काय करते.

पण हिशोबनीसकाका, नुसता बोर्डात भरलेला प्रोग्रॅम नको. चिपमध्ये असतो तो मशीनचा कोड, त्यातून तुम्हाला वाचता येईल अशी मूळ फाईल परत निघत नाही. लेकीने चुकून दुसरं काही अपलोड केलं की पहिलं पुसलं, मग किटवाल्याच्या नावाने बोटं मोडा. भरून द्या, पण फाईलही द्या.

डागवाला

कोडवरून हमरीतुमरी चाललीय आणि गाडी कशावर पळतेय हे एकानेही विचारलं नाही. काका, चौकोनी नऊ व्होल्टचा सेल आहे ना? असणारच, किटच्या जाहिरातीतल्या फोटोत तोच असतो.

माझं दुरुस्तीचं दुकान आहे. "फर्मवेअर (बोर्डातला प्रोग्रॅम) गेलंय बहुतेक" म्हणून जी गाडी येते तिचं फर्मवेअर क्वचित गेलेलं असतं. तो सेल स्मोक अलार्मसाठी ठीक. चार मोटारी एकदम सुरू झाल्या की त्याचा व्होल्टेज कोसळतो, बोर्ड रीसेट होतो, प्रोग्रॅम पहिल्यापासून सुरू, पुन्हा मोटारी, पुन्हा रीसेट. गाडीला उचकी लागल्यासारखी दिसते. ओळखायची सोपी खूण: चाकं हवेत धरली तर झकास फिरतात, जमिनीवर ठेवली की उचकी. कोड दोन्ही वेळा तोच, मग दोष त्याचा कसा?

त्यात एल२९८एन स्वतःच दोनेक व्होल्ट खातो. पेन्सिल सेल चार लावलेत, म्हणजे सहा व्होल्ट, तर मोटारीच्या वाट्याला उरतात चार. १८६५० चे, म्हणजे रिचार्ज होणारे लिथियमचे, दोन सेल होल्डरमध्ये ओळीने लावा, सुखी व्हाल. फक्त जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले सुटे सेल नकोत, त्यांना संरक्षक सर्किट नसतं, शॉर्ट झाला तर पेटतो. आणि बोर्डाचा ग्राउंड, म्हणजे वजा टोकाची बाजू, ड्रायव्हरच्या ग्राउंडला जोडा. ही एक तार विसरून रात्री घालवणारे इंजिनिअरही पाहिलेत.

वर्कशॉपवाले सर

ग्राउंडचं शंभर टक्के. पण चाकं उचलून बघायचं हे सुचायला तरी पायरीपायरीने विचार करायची सवय लागते. माझ्याच बाजूचा मुद्दा मांडलात.

डागवाला

सर, मी कोणाच्याच बाजूचा नाही. माझं दुकान दोन्ही बाजूंवर चालतं.

रात्रपाळी

दिवसा सॉफ्टवेअरची नोकरी, रात्री हे उद्योग. तयार कोडाचं खरं दुखणं कोणी बोललं नाही. तो टिकत नाही. लोणच्यासारखा मुरत नाही, दुधासारखा नासतो.

मी ईएसपी३२ या दुसऱ्या बोर्डावर गाडी केली. तीन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ बघून कोड जसाच्या तसा उतरवला, एक स्वल्पविरामही इकडचा तिकडे नाही. कंपाइलच, म्हणजे मशीनच्या कोडात रूपांतरच, होईना. मोटारीच्या पीडब्ल्यूएमसाठी व्हिडिओतल्या माणसाने 'एलईडीसी सेटअप' आणि 'एलईडीसी अटॅच पिन' ही दोन फंक्शनं वापरलेली. २०२४ मध्ये ईएसपी३२ च्या आर्डुइनो कोअरची (त्या बोर्डावर आर्डुइनोचा कोड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) ३.० आवृत्ती आली, तिच्यात ही दोन्ही काढून टाकली आणि त्यांच्या जागी 'एलईडीसी अटॅच' हे एकच आणलं. व्हिडिओवाला चुकला नव्हता, मीही नाही. मधल्या मध्ये जमीन सरकली. वैतागून एआयला विचारलं, तर त्याने एक ओळ जुनी, एक नवी अशी खिचडी करून दिली, वर "हा कोड नक्की चालेल" अशी ग्वाहीसुद्धा! शेवटी बोर्ड मॅनेजरमधून २.० वाली जुनी आवृत्ती टाकली आणि अकरा मिनिटांत गाडी हलली. (घड्याळ लावून बसलो होतो, कारण बायकोने लावायला सांगितलं होतं.)

म्हणून किटवाल्यांकडे माझी मागणी काकांपेक्षा लहान आहे. तयार कोड द्या, पण पहिल्या ओळीत लिहा: कुठला बोर्ड, कोअरची कुठली आवृत्ती, कुठल्या लायब्ऱ्या. तीन ओळींची टीप. नॅनोला हा त्रास कमी, हे खरं. बत्तीस केबी फ्लॅश, दोन केबी रॅमची म्हातारी चिप, तिला कोणी फारसा हात लावत नाही.

पेंग्विन

उबुंटू २२.०४ या लिनक्सवर असाल तर आणखी एक गंमत. सीएच३४० वाला बोर्ड लावला की पोर्ट क्षणभर दिसतो आणि गायब होतो. दृष्टिहीनांच्या ब्रेल यंत्रासाठी असलेलं 'बीआरएलटीटीवाय' नावाचं पॅकेज हे आपलंच यंत्र समजून पोर्ट पळवतं. ब्रेल यंत्र वापरत नसाल तर ते पॅकेज काढा. मग 'परमिशन डिनाइड' आलं तर स्वतःला पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या 'डायलआउट' ग्रुपमध्ये घाला आणि लॉगआउट करून परत या. चालू द्या भांडण.

सुटीतला वर्ग

आणि ब्लूटूथचं एचसी-०५ जोडलेलं असेल तर अपलोड करताना त्याच्या ० आणि १ पिनांवरच्या तारा काढा. यूएसबीही त्याच तारांवरून बोलते, दोघं एकमेकांच्या बोलण्यात बोलतात. माझ्या वर्गात हे एका दहा वर्षांच्या मुलीने सगळ्यांना नाटक करून समजावलं होतं, माझ्यापेक्षा बरं.

हिशोबनीस

डागवाले, तुम्ही भविष्य बघता का? नऊ व्होल्टचा चौकोनी सेलच होता. काल होल्डर आणि दोन सेल आणले, उचकी गेली. रात्रपाळी, दुधाचं पटलं.

आता ऐका पुढचं. रविवारी गाडी हॉलमध्ये छान चालत होती, म्हणून पाहुण्यांना दाखवायला गच्चीवर नेली. तिथे पुढे जायचं नाव नाही! थांबते, मागे सरते, मान हलवते, उजवीकडे वळते, पुन्हा मागे. समोर अडथळा म्हणावा तर नुसतं आभाळ. पाहुणे म्हणाले, वास्तुदोष. मी सेल तपासले, तारा तपासल्या, ग्राउंडसुद्धा.

लेकीने कोड उघडला आणि म्हणाली, "बाबा, मी एक ओळ काढली होती. ती उगाच होती." ती ओळ अशी: अंतर ० आलं तर ते २५० समज. तिला वाटलं, ० कसं येईल? येतं. सेन्सरची ती लायब्ररी ठरवून दिलेल्या पल्ल्यात, आमच्याकडे दोन मीटर, काही सापडलं नाही की ० सांगते. हॉलमध्ये दोन मीटरच्या आत कुठे ना कुठे सोफा असतोच, म्हणून कळलं नाही. गच्चीवर काहीच नाही, म्हणजे ०, म्हणजे २० पेक्षा कमी, म्हणजे नाकासमोर भिंत. ओळ परत टाकली, गाडी सरळ पाण्याच्या टाकीपर्यंत गेली आणि थांबली.

आता सांगा, यात कोण बरोबर? माझ्या मते मीच. तयार कोडाला हात लावला नसता तर बिघडलंच नसतं.

वर्कशॉपवाले सर

उलट आहे. ज्याने लिहिला त्याने ती ओळ का लिहिली हे कोडात नोंदवलं नाही म्हणून बिघडलं, आणि मुलीने वाचला म्हणून सापडलं. तुम्ही सेल तपासत होतात, ती कोड वाचत होती. तिला माझ्याकडे डिप्लोमाला पाठवा.

सुटीतला वर्ग

सर, ती वाचायला लागली कारण गाडी आधी पळत होती, हे विसरू नका. काका, तिला एक विचारा. २५० च्या जागी १५ टाकले तर काय होईल?

हिशोबनीस

विचारलं. म्हणाली, "परत मागे जाईल, १५ पण २० पेक्षा कमीच ना." बरोबर आहे का? मी पडताळू शकत नाही. पण ती १५ टाकून लॅपटॉप आणि गाडी घेऊन गच्चीवर गेलीय. रात्रीचे साडेदहा झालेत, हिचा आवाज चढलाय. मी वर जातो.